पॅनेल आले, केबल सुटली नाही

दि. १२/२/१९९४

मी, केसरीनाथ कोंडू रोकडे, वय ५१ वर्षे, धंदा पॅनेल वायरिंग, राहणार नारपोली, भिवंडी, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की,

मी गेली सव्वीस वर्षे कारखान्यांत इलेक्ट्रिक पॅनेल बसवण्याचे काम करतो. माझी भाची कमळ दत्तू भालेराव, वय २१, राहणार कोन गाव, ही दोन महिन्यांपासून माझ्याकडे वायरमन आहे. ती आयटीआय पास आहे. नट आवळून झाला की ती नट आणि बोल्ट यांवर मिळून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढते. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. याला मी कालपर्यंत नखरे म्हणत होतो.

काल नारपोलीतील एका यंत्रमाग कारखान्यात आम्ही चार नवीन पॅनेलांपैकी पहिले लावत होतो. सप्लाय दिलेला नव्हता. पॅनेल नुसते फाउंडेशनवर ठेवले होते, बोल्ट मारायचे बाकी होते. सकाळी दहा वाजता मी कमळला केबलचे टोक पॅनेलला जोडायला सांगून बाहेर गेलो. केबल मनगटाएवढी जाड. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हिचे काही होत नाही, अशी माझी खात्री होती.

बाहेर केबलला पीळ पडला होता. असा पीळ काढायला आम्ही केबलचे बाहेरचे मोकळे टोक टेम्पोला बांधून ओढतो. त्याप्रमाणे सव्वाअकराच्या सुमारास टोक बांधून मी ड्रायव्हर नामा यास "घे हळूहळू" म्हणालो. कमळ आतून दोन्ही हात हलवत होती. शेजारच्या मागांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते. तिला जमत नाही असे समजून मी "जमेल, जमेल" अशी खूण केली.

त्यानंतर पॅनेल दारातून बाहेर आले. दाराशी मालकांची नवीन स्कूटर उभी होती. ती आता उभी नाही. कोणासही इजा झाली नाही. कमळ मागोमाग येऊन म्हणाली, "मामा, किती ओरडले मी! कवाच जोडून झालंय वो."

मालकांची तक्रार अशी होती की, बाईमाणसाच्या कच्च्या कामामुळे नुकसान झाले, तिने पुन्हा कारखान्यात पाय ठेवू नये. माझे म्हणणे असे की, काम कच्चे असते तर केबल निसटली असती आणि स्कूटर वाचली असती. पंचांसमोर पॅनेल उघडले. केबल धरून ठेवणारा ग्लँड जागच्या जागी होता. चारही नटांवरची लाल रेघ सलग होती. माझ्या हातचे काम नक्की सुटले असते. हे सांगताना मला लाज वाटत नाही, फार आनंद होतो. मला तिथेच हसू फुटले, पंचही हसले. मालकांनी स्वतः लोंबकळून केबल ओढून पाहिली आणि उरलेली तीन पॅनेले "हिच्याच हातनं करा" म्हणाले. चूक सर्वस्वी माझी आहे. स्कूटर मी दुरुस्त करून देईन.

हवालदार साहेबांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात कमळच्या नावापुढे 'हेल्पर' लिहिलेले होते. तसे सुरुवातीला मीच सांगितले होते. ते आता माझ्या सांगण्यावरून खोडून 'वायरमन' केले आहे व खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी सर्व मी बोललो तसेच आहे.