नालोंगोंशी भांडण्याचा अधिकार

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या मानसिक आरोग्य संशोधन केंद्राचे संचालक डॉ. कियिंगी, कालांगाला बेटांवरून सरोवर ओलांडून आलेल्या प्रमुख अतिथी श्रीमती नामुतेबी, व्यासपीठावरील पूज्य धर्मगुरू, मसाक्यातील समस्त बंधुभगिनींनो, आणि जुळ्यांच्या मातोश्री म्हणून ज्यांना अवघे गाव नालोंगो म्हणते त्या आजच्या उत्सवमूर्ती केविना नाकिवाला,

केंद्राचा सचिव या नात्याने मजवर दोन निर्बंध आहेत: भाषण संक्षिप्त असावे आणि केवळ स्तुतिपर असावे. पहिला पाळण्याचा प्रयत्न करीन.

मघाशी भोजनप्रसंगी श्रीमती नामुतेबींनी अतिशय सौजन्याने मला विचारले, "सचिवसाहेब, बाई पूर्ण बऱ्या झाल्यात ना? नाही, म्हणजे बेटावर आमच्याकडे डॉक्टरसुद्धा कधीमधीच येतो." प्रश्न रास्त आहे. मनोविकार स्वतः भोगलेल्या व्यक्तीच्या हाती बेटांवरचे संशोधन उद्यापासून सोपवायचे, तर एवढी पृच्छा हवीच. शेजारी बसलेल्या नालोंगो घास हातात तसाच धरून म्हणाल्या, "कानात नको. माइकवर सांगा." तेव्हा आज्ञेनुसार सांगतो.

नालोंगो प्रथम इस्पितळातून परतल्या तेव्हा शेजारच्या घरी कोणी मयत झाले होते. मयताच्या घरी बायका अंगणात बसून हिरवी केळी सोलतात, आणि सोलता सोलता अनुपस्थितांचाही समाचार घेतात, हे सभेस विदित आहे. नालोंगोंना कोणी सुरी दिली नाही. "तू बस गं, आराम कर." परीक्षा म्हणून त्या म्हणाल्या, "केळी सालीसकटच शिजवावीत." साऱ्या एका सुरात वदल्या, "हो हो, बरोबर आहे तुझं."

"त्या दिवशी कळलं," असे त्या मला सांगत, "माझ्याशी भांडायलाही कोणी उरलं नाही."

बरे होणे म्हणजे नेमके काय, हे मोजण्यासाठी आमच्या विद्वज्जनांनी झोप, भूक, औषध, भीती अशी सर्वांगपरिपूर्ण प्रश्नावली सिद्ध केली होती. पुढे केंद्रात मुलाखती घेण्याच्या कामावर रुजू झालेल्या नालोंगोंनी तीत एक प्रश्न घुसवला: गेल्या आठवड्यात तुमच्याशी कोणी भांडले का? विद्वज्जन हसले. मग एका खेड्यात, बाकी साऱ्या प्रश्नांना केवळ मान हलवणारा एक गृहस्थ या प्रश्नाला एकाएकी खुलला. "वहिनीनं कालच डुकरांवरून माझा उद्धार केला. म्हणाली, आजाराचं कौतुक पुरे, त्यांचा गोठा साफ कर." आपणच सांगा, याहून निर्मळ आरोग्यप्रमाणपत्र कोणत्या इस्पितळाने दिले असते?

त्यानंतर नालोंगो पुन्हा आजारी पडल्या. होय, श्रीमती नामुतेबी, पुन्हा. परतल्या तेव्हा केंद्राने परम दयाळूपणे त्यांना 'मानद सल्लागार' केले, खिडकीपाशी मऊ खुर्ची दिली आणि काम काढून घेतले. त्या जे बोलतील ते आम्हांस शिरोधार्य. एका बैठकीत त्यांनी सुचवले की यापुढे सर्व मुलाखती रविवारी, चर्चमध्ये, प्रवचन चालू असतानाच घ्याव्यात. पूज्य धर्मगुरूंसकट सर्वांनी माना डोलावल्या.

नालोंगोंनी पिशवी उचलली. "मी निघते. पुन्हा येणार नाही."

तेव्हा डॉ. कियिंगींनी चष्मा काढला. "खाली बसा. प्रस्ताव निव्वळ मूर्खपणाचा आहे. आणि मागच्या मुलाखतींची टिपणं तुम्ही अर्धवट दिलीत, ती आधी पुरी करा."

"अर्धवट? प्रश्नच अर्धवट होते तुमचे, डॉक्टर."

पिशवी खाली आली. त्या उभयतांचा संवाद चहा निवेपर्यंत चालला, आणि तो येथे उद्धृत करण्याजोगा नाही.

तर श्रीमती नामुतेबी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे: ठाऊक नाही. त्या पुन्हा आजारी पडतीलही. मलेरिया मलाही होतो, पण त्यापायी माझे काम कोणी काढून घेत नाही. पडल्या तर इस्पितळात न्या, जागा राखून ठेवा, आणि परतल्या की पहिल्याच दिवशी त्यांच्याशी कडाडून असहमत व्हा. विषय शोधावा लागणार नाही. उदाहरणार्थ, नालोंगो कोणाचेही वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत, हा एक गंभीर दोष, ज्याकडे...

"तुमचं वाक्य संपतं कधी, सचिवसाहेब?"

आभारी आहे, नालोंगो. श्रीमती नामुतेबी, आपण ऐकलेच.

अध्यक्षांचे, अतिथींचे आणि उन्हात केळी वाफवणाऱ्या भगिनींचे मी ऋण मानतो. बोलण्याच्या ओघात काही न्यूनाधिक झाले असल्यास सभेने उदार अंतःकरणाने क्षमा करावी.

नालोंगो, आपण मात्र करू नये.