सावळीरामांचा काढा

— नाही हो, साल हरसूलच्या बाजारातलीच, त्यात खोटं काही नाही. अर्जुनाची साल, मेथीदाणे, उकळून निम्मं करायचं — लिहा, योगिनीताई, तुमच्या कॉलेजला तपासायचंय तर नीट लिहा. आमचे हे, सावळीराम गांगुर्डे, अंबडच्या कंपनीतून रिटायर झाले आणि वर्षभरात पोट हे एवढं. साखर, प्रेशर, कोलेस्टेरॉल — डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनी युती केलीये. कोलेस्टेरॉलची गोळी दिली. घेतील तर शपथ. "लता, गोळ्या म्हाताऱ्यांना." मग फोनवर कुणीतरी काढ्याचं पाठवलं, हे स्वतः एसटीनं जाऊन साल घेऊन आले, आणि तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल खाली. रिपोर्ट लॅमिनेट करून आणला. बागेत रोज सकाळी व्याख्यान — तुमच्यापर्यंत तिथूनच पोचलं ना? वाटलंच.

आता ते रेकॉर्डिंग जरा बंद करा. केलं? — गोळी मी घालायचे. काढ्यात, कुटून. डॉक्टरांना विचारून हो, ही कुटली तर चालते का म्हणून. काढा इतका कडू, त्यात काय कळतंय. म्हटलं, रिपोर्ट आला की सांगू. पण हे असे फुललेले, चाळीस वर्षांत पाहिले नव्हते मी — कसं सांगणार? तेवढ्यावर राहिलं असतं तर चाललं असतं. पण समोरच्या रावजींनी ह्यांचं ऐकून स्वतःची गोळी सोडली, आणि एक दिवस छातीत दुखून थेट दवाखान्यात. वाचले. मला मात्र घास जाईना. त्यांच्या मालनबाईंना स्वयंपाकघरात घेतलं, सगळं सांगितलं. म्हटलं, आता शिव्या देतील. त्या रडता रडता हसायलाच लागल्या — "मग मला दाखवा की, किती बारीक कुटायची." आता आमच्या गल्लीत सात घरी चालतं. ज्याची त्याची गोळी, ज्याच्या त्याच्या डॉक्टरला विचारून — त्यात मी कडक आहे. इकडे बायका खलबत्ता वाजवतात, तिकडे पुरुष बागेत काढ्याचे गुण गातात.

हसताय, पण तुमच्या कॉलेजातल्या मशीनला कळेल ना ह्या काढ्याच्या बाटलीत काय काय आहे ते? कळणारच. मग ही ठेवा खाली. नुसत्या सालीचा करून देते उद्या. सालीला गुण असेलही, मी नाही म्हणत नाही, असला तर बरंच आहे — थांबा, फाटक वाजलं. हेच.

या, ह्या कॉलेजच्या ताई, तुमचीच वाट बघतायत. ताई, ह्यांना विचारा सगळं. मला त्यातलं काही कळत नाही.