कार्डावरचं रक्त कोणाचं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या दवाखान्याच्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या माझ्या छापखान्यातल्या बंधुभगिनींनो,

तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाच्या हाती माईक देणं ही जोखीमच. अध्यक्षांनी ती पत्करली, त्यांचे आभार.

सिस्टर म्हणजे भारी चौकस बाई. पट्टी बांधता बांधता विचारायच्या, शाईचे हात कशाने धुता? आम्ही ऐटीत सांगायचो, रूळ पुसायच्या द्रावणाने. दोन मिनिटांत लख्ख. त्या डब्यावरचं लेबल वाचून वहीत उतरवून घ्यायच्या. यांना दुसरा उद्योग नाही, असं आम्ही म्हणायचो.

वर्षातून एकदा त्या आमचं रक्त तपासायच्या. पांढऱ्या पेशी कमी भरल्या की मशीनमनची रवानगी बांधणी खात्यात. म्हणजे नाकच कापलं की हो! मग मी काय केलं? आज सांगूनच टाकतो. तीन वर्षं माझ्या नावावर माझ्या धाकट्या भावाने हात पुढे केला. तो बांधणीतला, द्रावणाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा, आणि आमचे चेहरे एका साच्यातले. माझा रिपोर्ट कसा, अगदी सोन्यासारखा.

चौथ्या वर्षी भाऊ नोकरी बदलून परगावी गेला आणि मला स्वतः बसावं लागलं. दोन दिवसांनी सिस्टरांनी बोलावलं. गेल्या वर्षी तुमच्या तपासणी कार्डावर रक्तगट बी होता, यंदा ओ कसा, म्हणाल्या. मी म्हटलं, वयाप्रमाणे होत असेल. त्या हसल्या नाहीत.

"गट बदलत नाही, भाऊ. हे रक्त तुमचं असेल, तर तुमच्या पेशी फार कमी आहेत."

मोठ्या इस्पितळात त्या स्वतः सोबत आल्या. तिथे पडद्यावर माझी गुणसूत्रं दाखवली. दोऱ्याचे तुकडे जोडीजोडीने मांडावेत तशी. एक मध्येच तुटलेलं, एकाचं टोक भलत्यालाच चिकटलेलं. द्रावणाची वाफ हाडांच्या मगजापर्यंत, जिथे रक्त तयार होतं तिथपर्यंत पोचते, हे मला तेव्हा कळलं. हा कर्करोग का, मी विचारलं. नाही, पण रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढलाय, डॉक्टर म्हणाले. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण बघतही राहिलो. स्वतःच्या आत इतकं काही असतं, हे कुणाला ठाऊक होतं? माझ्या मुलीलाही हे गेलं असेल का, असं सिस्टरांना विचारलं. मला माहीत नाही, विचारून सांगते, म्हणाल्या. आणि आठवड्याने खरंच विचारून आल्या. मुलगी मी मशीनवर जायच्या आधी जन्मलेली, म्हणून तिची काळजी नको.

आज मी बांधणीत आहे. पेशी सावरल्यात, दर सहा महिन्यांनी तपासणी चालू आहे. मोरीवर द्रावणाच्या जागी साबण आलाय. भावाची गोष्ट सिस्टरांनी तेव्हाच ओळखली होती, पण कुणाला सांगितली नाही.

सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. सिस्टर, त्या तीन वर्षांची माफी मी आज सर्वांदेखत मागतो. आणि मंडळी, ही हुशारी मी एकट्याने केली नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. नव्या सिस्टर उद्या सकाळी आठला दवाखाना उघडतील. ज्याच्या कार्डावर दुसऱ्याचं रक्त आहे, त्याने आपला हात घेऊन यावं. मी दाराशी उभा असेन.