बकुळाबाईनं बारी थांबवली

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजाऱ्याला ऐकू जायला नको! देवानं सगळ्यांना सारखं असं काय दिलं? जमीन? छे! कुणाला चाळीस एकर, कुणाला तुळशीपुरतीही माती नाही. अक्कल? तिचं तर नावच काढू नका! वारा दिला, बाबांनो — वारा! मग त्या सामाईक वाऱ्यात एकानं विष कालवावं आणि दुसऱ्यानं ते मुकाट गिळावं, हा कुठला धर्म? आणि गिळणारा ‘नाही गिळत, जा!’ म्हणाला, तर ते पाप की पुण्य?

ऐका तर.

वडफाटा नावाचं गाव. तिथं हमरस्त्याला लागून एक कलाकेंद्र. तिथं बकुळाबाई बोरगावकर लावणी गायची — बघा, बघा! पुढची फेटेवाली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली! ‘महाराज, कीर्तनात लावणीवाली?’ का हो? तिच्या गळ्यात देव नाही? आणि कलाकेंद्र कशाशी खातात ठाऊकच नाही, असं तोंड करून बसू नका. आमचे पेटीवाले तुम्हाला ओळखतात!

तर बकुळाला गाणं दिलं तिच्या सरूमावशीनं. मावशीनं जन्मात विडीला हात लावला नाही. पण सगळी उमर गायली त्याच कलाकेंद्राच्या कोंदट थेटरात, पुढ्यातल्या शौकिनांच्या धुरात. शेवटी गळा बसला तो बसलाच. मग दम लागायला लागला. खाटेवर उशाला टेकून बसायची, आडवं होता यायचं नाही. तशी बसल्या बसल्याच गेली बिचारी.

आणि पुढं बकुळाचाही वरचा सूर फाटायला लागला. तान घ्यायला गेली की खोकला! ती तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी छाती तपासली, म्हणाल्या, “सिगारेट सोडा.”

“अहो, मी ओढतच नाही!”

“मग तुमच्यासमोर बसणारे ओढतात. त्यांचा धूर तुमच्या छातीत जातो. बकुळाताई, थेटरासारख्या ठिकाणी ओढायला कायद्यानं बंदी आहे. आणि ती पाळून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. सांगा त्यांना.”

बकुळा परतली, मालकांना — भगवानशेठना — सांगितलं. शेठ हसले. “अगं, बोर्ड लावलाय की!” लावला होता, मंडळी. ‘धूम्रपानास सक्त मनाई.’ धुरानं इतका पिवळा पडला होता, की जवळ जाऊन वाचावा लागायचा!

रविवार आला. संध्याकाळची पहिली बारी, म्हणजे गाण्या-नाचाची पाळी, बकुळाची; थेटर भरलेलं. पुढच्या कोचावर बाजार समितीचे सभापती निंबोरे. पांढरी कडक इस्त्री, बोटात सिगारेट. बकुळानं मुखडा उचलला, अंतऱ्याला गेली, वरच्या सुराला हात घातला — आणि धुराचा लोट थेट तोंडावर! सूर तुटला. खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. आणि समोर निंबोरे? टाळ्या वाजवून म्हणतात कसे, “वा! लाजली वाटतं!”

त्या क्षणी तिला मावशी दिसली. खाटेवर बसलेली, तोंड उघडं, श्वास शोधणारी.

बकुळानं हात वर केला. ढोलकी थांबली.

“सभापतीसाहेब, ती विझवा.”

“काय?”

“सिगारेट विझवा. मग गाते.”

भगवानशेठ धावत आले. “बकुळे, डोकं फिरलं का तुझं? गा!”

निंबोऱ्यांनी त्यांना हातानंच थांबवलं. खिशातून नोट काढली, रंगमंचावर फेकली. “दंड असतो ना? हा घे दंड. आता गा, आणि मला ओढू दे.”

बकुळानं नोटेकडं पाहिलंसुद्धा नाही. “साहेब, दंड म्हणजे तिकीट नव्हे. तो भरला म्हणून माझी छाती तुमची होत नाही.”

आणि तिथंच खाली बसली. पायांतले चाळ सोडायला लागली.

भगवानशेठचा पारा चढला. थेटरात दुसरी पार्टी होती लंकाबाईची. लंका आणि बकुळा म्हणजे विळा-भोपळा! कित्येक वर्षं एकमेकींशी शब्द नाही. शेठ ओरडले, “लंके, चढ वर! हिची बारी संपली!”

लंका आली. नटूनथटून, ठसक्यात. निंबोरे सावरून बसले. लंका बकुळापाशी थांबली, खाली वाकून बघितलं... आणि फतकल मारून तिच्या शेजारी बसली!

“शेठ, हिचं-माझं भांडण हाय, ते आमचं आम्ही बघू. पर छाती मलाबी हाय. धूर जाईस्तोवर माझीबी बारी न्हाई.”

मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “ओ सभापती, विझवा की! आम्ही गाणं ऐकायला आलोय!” मग दुसरा, मग तिसरा. निंबोरे उठले. “बघून घेतो एकेकीला!” म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

बकुळा जिंकली? एवढं सोपं असतं तर मला घसा कशाला फोडावा लागला असता? दुसऱ्या दिवशी शेठनं तिला सामान बांधायला सांगितलं. ती रडली नाही. ट्रंक भरली. बाहेर येते तर काय — लंका आणि तिच्या पार्टीतल्या बायकाही ट्रंका घेऊन उभ्या!

लंका म्हणाली, “शेठ, आता सभापतींनाच नाचवा.”

शेठनं रिकाम्या रंगमंचाकडं पाहिलं. निंबोऱ्यांची भीती मोठी, पण रिकाम्या थेटराची त्याहून मोठी! “ठेवा गं ट्रंका आत,” म्हणाले. आणि त्या दिवसापासून स्वतः दारात उभे राहायला लागले. विडी पेटलेली दिसली की माणूस बाहेर. निंबोरे बरेच दिवस फिरकले नाहीत. मग एकदा आले. बाहेर लिंबाच्या झाडाखाली सिगारेट ओढली, पायाखाली चिरडली, आणि मान खाली घालून आत येऊन बसले.

बकुळाचा वरचा सूर काही परत आला नाही. आता ती खालच्या पट्टीत गाते. पण गाते!

आता तुमच्याकडं वळतो. त्या मांडवाच्या खांबाआड लाल ठिणगी दिसतेय मला — लपवू नका, विझवा!

कायदा थेटरात आहे, एसटीत आहे, दवाखान्यात आहे. पण तुमच्या माजघरात शिपाई येत नाही. तिथं तुम्ही बाजेवर बसून ओढता, आणि दोन हातांवर सून तान्ह्याला पाजत बसलेली असते. तिच्या बाजूनं कोण बसणार फतकल मारून?

आज घरी गेलात की तिला विचारा, “पोरी, माझ्या धुराचा त्रास होतो का गं?”

आणि ती जर “नाही, मामंजी” म्हणाली, तर समजा, ती तुम्हाला भ्यायलीय. विडी त्याच क्षणी चुलीत टाका, आणि मगच देवापुढं हात जोडा.

उचला टाळ. नाम घ्या — छातीभरून!