घळीत बर्फाखाली दोघे होते

जबाब देणार: सैकाल मुरातालियेवा, वय ३४ वर्षे, व्यवसाय औषधाच्या दुकानात नोकरी, राहणार कराकोल, इसिक-कुल प्रांत, किर्गिझस्तान.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती एर्मेक याच्यासोबत राहत होते. एर्मेक घरोघरी वीजजोडणीची कामे करीत असे. आम्हाला मूल नाही. ग्लेब सोत्निकोव हा एर्मेकचा शाळेपासूनचा मित्र असून त्याची कराकोलमध्ये बेकरी आहे. आम्ही तिघे दर हिवाळ्यात स्की घेऊन डोंगरात जातो. एप्रिलमध्ये शेवटची एक फेरी असते. त्यानंतर स्की माळ्यावर जातात.

मागील शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ग्लेबच्या गाडीने काश्का-बुलाक या गावी जाऊन तेथील एका घरी मुक्काम केला. शनिवारी दिवसभर उत्तरेकडच्या उतारावर स्की केली. काही अडचण आली नाही. रविवारी सकाळी घरमालकिणीने चहा, साय आणि बोर्सोक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे दिले. उरलेले बोर्सोक एर्मेकने खिशात भरले. त्यावरून ती त्याला म्हणाली, “घरी बायको उपाशी ठेवते का रे?” तो म्हणाला, “ठेवते ना, म्हणून तर डोंगरात पळून येतो.” हे तपासाशी संबंधित नाही, असे साहेबांनी सांगितले. तरी लिहून घ्यावे.

चढताना घसरू नये म्हणून स्कीखाली केसाळ पट्ट्या लावून आम्ही कारा-जार घळीच्या कडेने वर चढलो. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. ग्लेबने काठी बर्फात खुपसून पाहिली व म्हणाला, “रात्री गोठलंच नाहीये हे. लोण्यासारखं झालंय. घळीतून नको. आलो तसे कडेनं परत जाऊ.”

एर्मेक म्हणाला, “ग्लेब, तुझी आजी तुझ्यापेक्षा धीट होती.”

ग्लेब म्हणाला, “माझी आजी नव्वदीपर्यंत जगली. कशी जगली असेल, विचार कर.”

आम्ही तिघेही हसलो. भांडण झाले नाही. मद्यपान कोणीही केलेले नव्हते. शेवटी घळीतून एकेकाने उतरायचे असे तिघांच्या संमतीने ठरले. छातीशी बांधलेली शोधयंत्रे चालू असल्याचे ग्लेबने तपासले. माणूस बर्फात गाडला गेला तर बाकीच्यांच्या यंत्रावर त्याचा आवाज येतो. माथ्यावरून घळीचे वळण दिसते, वळणाखालचा भाग दिसत नाही. खाली कोणी माणूस असेल असे आमच्या मनातही आले नाही.

एर्मेक पहिला निघाला. निघताना म्हणाला, “खाली चहा ओतून ठेवतो. या तुम्ही म्हाताऱ्यांनो, सावकाश.” त्याने तिसऱ्यांदा स्की वळवली तेव्हा त्याच्या वरचा बर्फ सुटला. धान्याची पोती रिकामी करताना होतो तसा आवाज होता, मोठा नव्हता. त्याने डावीकडे निसटायचा प्रयत्न केला. त्याचे हिरवे जाकीट मला एकदा दिसले. नंतर घळ रिकामी होती.

मी व ग्लेब मागोमाग उतरलो. वळणाखाली बर्फाचा ढीग साचला होता. मोठमोठी ढेकळे होती. ग्लेब यंत्र घेऊन ढिगावरून खाली जाऊ लागला. मी वरच्या अंगाने बघत होते. तेवढ्यात मला ढेकळांमधून वर आलेला एक हात दिसला. हातात मोजा नव्हता. बोटे हलत होती.

एर्मेकचा मोजा निघून गेला असावा असे मला वाटले. मी त्याचे नाव घेत फावड्याने व हाताने बर्फ काढू लागले. “आले मी, आले, थांब,” असे मी म्हणत होते. आधी कपाळ दिसले. मग पांढरी दाढी दिसली. त्या माणसाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. त्याला मी यापूर्वी कधीही पाहिलेले नव्हते. मी त्याला “तू कोण?” असे विचारले. वयाने मोठ्या माणसाशी असे बोलत नाहीत, ते मला ठाऊक आहे.

त्याच वेळी खालून ग्लेब ओरडला, “सैकाल! इकडे ये! आवाज इथं येतोय!”

मी ओरडले, “इथे माणूस आहे!”

“मग तोच आहे ना!”

“तो नाहीये! दुसरा कोणीतरी आहे!”

ग्लेब म्हणाला, “दुसरा कोण?” मग त्याच्या फावड्याचा आवाज मला येत होता.

म्हाताऱ्याच्या तोंडात बर्फ होता. तो मी बोटाने काढला. त्याने श्वास घेतला, पण छाती दाबलेली असल्याने पुढचा श्वास त्याला घेता येईना. मी त्याच्या छातीवरचा बर्फ काढला. याला किती वेळ लागला असे साहेबांनी मला तीनदा विचारले. मला सांगता येत नाही. ग्लेबने मला आणखी दोनदा हाक मारली, एवढे सांगता येते.

छाती मोकळी झाल्यावर म्हातारा म्हणाला, “पोरी, खाली तुझं माणूस आहे का?” मी “नवरा” असे म्हणाले. तो म्हणाला, “मग इथं काय करतेस? जा.” त्याला कमरेपर्यंत बर्फात सोडून मी ग्लेबकडे गेले.

ग्लेबची शोधकाठी पुरुषभर खोलीवर एर्मेकला लागली होती. बर्फ ओल्या सिमेंटसारखा घट्ट बसला होता. आम्ही उपसलेला बर्फ परत खड्ड्यात घसरत होता. थोड्या वेळाने तो घसरायचा थांबला. मागे वळून पाहिले तर तोच म्हातारा गुडघ्यांवर बसून एका हाताने बर्फ बाजूला लोटत होता. त्याच्या एका पायात बूट नव्हता. तो “आणखी खाली, आणखी खाली” असे म्हणत होता.

एर्मेकला बाहेर काढले तेव्हा त्याचा श्वास चालू नव्हता. ग्लेबने तोंडाने श्वास दिला, मी छाती दाबली, मग आम्ही जागा बदलल्या. असे बराच वेळ चालले. अखेर म्हाताऱ्याने ग्लेबच्या खांद्यावर हात ठेवला व म्हणाला, “बाळा, सोड आता त्याला.” त्याने आपल्या कमरेचा पटका सोडून एर्मेकची हनुवटी बांधायला घेतली. मी त्याचा हात झटकला. तो बाजूला होऊन बसला. मी दमल्यावर त्याने पुन्हा जवळ येऊन मयताची हनुवटी बांधली. त्यानंतर बर्फ सुटलेला पाहून गावातून घोड्यांवरून माणसे आली.

म्हाताऱ्याचे नाव जुमाश आके असे मला गावकऱ्यांकडून समजले. ते हरवलेली घोडी शोधत पायी घळीत आले होते व वळणाखाली दगडाच्या आडोशाला बसले होते. त्यांचे मनगट मोडल्याचे दवाखान्यात निष्पन्न झाले. मयताच्या मृत्यूचे कारण डॉक्टरांनी गुदमरणे असे लिहिले आहे. तो कागद ग्लेबने वाचला आहे. मी वर जुमाश आकेंपाशी किती वेळ होते हे त्याने मला विचारलेले नाही, आणि मीही तो विषय काढलेला नाही. तो रोज सकाळी माझ्या दारात पाव ठेवून जातो.

मयताला वडील वा भाऊ नाही. दफनाच्या दिवशी अंगणात शोकाचा तंबू उभारला, मी रिवाजाप्रमाणे आत बसले होते. तंबूबाहेर काठीवर टेकून मोठ्याने रडायला घरचा पुरुष लागतो. ग्लेब उभा होता, पण तो रशियन, त्यांच्यात ती रीत नाही. तो नुसताच उभा होता. इतक्यात फाटकाकडून “हाय रे माझ्या भावा, माझ्या काळजा” असा आवाज आला. हात गळ्यात बांधलेले जुमाश आके रडत येत होते. ते ग्लेबशेजारी जाऊन उभे राहिले व येणाऱ्या प्रत्येक माणसासोबत रडले. माणसे संपेपर्यंत ते खाली बसले नाहीत. आतून मला ते दिसत नव्हते, फक्त आवाज येत होता.

काल साहेबांनी माझ्यासमोर जुमाश आकेंना तक्रार द्यायची आहे का असे विचारले. ते म्हणाले, “कुणावर देऊ? ज्यांनी काढलं त्यांच्यावर?” माझीही कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात सुरुवातीपासून माझ्या पतीला ‘मयत’ म्हटले होते. चहा पिताना व माथ्यावर हसताना तो जिवंत होता, म्हणून तिथे नाव लिहावे अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे खोडून दुरुस्ती केली आहे. हनुवटी बांधल्यापासून पुढे ‘मयत’ तसेच राहू द्यावे. बाकी सर्व मी सांगितले तसे व खरे आहे.

सही: सै. मुरातालियेवा