शिक्षेच्या वहीतले काका

जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत, नकला मिळायच्या रांगेत माझ्यापुढे एक आत्या आणि जुनी वही उघडून धरलेला तिचा भाचा उभे होते.

"आत्या, तुझे काका सापडले! शाळेच्या शिक्षेच्या वहीत."

"कोण, थोरले? एकोणिसाव्या वर्षी तापानं गेले ते?"

"तेच. अकरा वेळा छड्या खाल्ल्यात त्यांनी."

"काहीतरीच! घरात त्यांचं नाव निघालं की सगळे डोळे पुसायचे. अगदी गरीब गाय होता म्हणायचे."

"ही गाय बघ. 'वर्गात शिट्टी वाजवली.' मग, 'प्रार्थनेत शिट्टी वाजवली.' आणि इथे, 'छड्या खाऊन बाहेर पडताना पुन्हा शिट्टी वाजवली.'"

"अगं बाई! दाखव, दाखव. माझा चष्मा कुठे गेला?"

"डोक्यावर आहे."

"अरे, या शिट्टीपायी जन्मभर बोलणी खाल्ली मी! आई म्हणायची, या घरात असलं कुणी नव्हतं, ही कुणावर गेली देव जाणे! आणि बाबा शेजारी बसून ऐकायचे. सख्खा भाऊ ना त्यांचा!"

"आजोबाही रागवायचे तुला?"

"छे रे. मी शिट्टी वाजवली की ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे."

"ऐकायला?"

"धर माझी पिशवी."

"आत्या, इथे नको. आत्या!"

शिट्टी अशी घुमली की खिडकीतल्या कारकुनाच्या हातून शिक्का सुटला.

"अहो आजी! ही कचेरी आहे!"

"मग काढा वही आणि लिहा माझं नाव. अकरा त्यांच्या, ही बारावी माझी."