पाय सोडलाच नाही

मी, मैदानावर सगळे ज्याला माळीकाका म्हणतात तो, वय ५८ वर्षे, धंदा फुटबॉल मैदानाची देखभाल, राहणार मैदानाच्या मागच्या फाटकालगतची खोली, ठाण्यात स्वतःहून येऊन जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी मुलगी, वय १९, असे दोघे राहतो. ती क्लबकडून खेळते. पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरीच पडले. सव्वीस वर्षे मी त्या मैदानावर गवत राखले. ती टाचेवर गर्रकन वळली की मातीसकट गवताचा ढलपा निघायचा. सामना संपल्यावर मी तो दाबून परत बसवत असे आणि माझे मैदान सोलून काढतेस म्हणून तिला रागवत असे. ती म्हणायची, "बाबा, मैदान पाय सोडतं म्हणून तर वळता येतं."

गेल्या वर्षी गवत काढून प्लास्टिकचा हिरवा गालिचा अंथरला. त्याला पाणी नको, कापणी नको. मला बरेच वाटले, खोटे कशाला बोलू. फक्त धाग्यांत भरलेली रबराची काळी कणी दर सामन्याआधी मोठ्या ब्रशने सारखी करायची. कणी कमी झाली की बुटांच्या तळाचे स्टड धाग्यांत रुततात, हे मला शिकवले होते.

रविवारी तीनला सामना होता. पूर्वी मी सामन्याआधी सबंध मैदान अनवाणी चालून बघत असे. गालिचा उन्हात तव्यासारखा तापतो, त्यामुळे चपला घालून कडेकडेने फिरलो. हिरवा रंग हवेत थरथरत होता, वास कशालाच नव्हता, आणि आपण झोपेतच चालतो आहोत असे मला वाटत होते. ब्रश खोलीत राहिला. 'मैदान खेळण्यास योग्य' या कागदावर मी सही केली.

अंदाजे तीन वाजून चाळीस मिनिटांनी भिंगरीकडे चेंडू आला. मी डाव्या गोलामागे उभा होतो. समोरच्या संघातील चार नंबरची मुलगी तिच्यापासून दोन हात लांब होती. भिंगरी वळली. पाय मात्र जागेवरच राहिला. चेंडू एकटाच पुढे गेला, अगदी सावकाश, आणि कोणी तो अडवला नाही. मी पोचलो तेव्हा ती उताणी पडून आभाळाकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, पाय सोडलाच नाही." हे सर्वांनी ऐकले.

त्यावरून, चार नंबरच्या मुलीने पाय धरून ठेवला अशी तक्रार क्लबच्या सेक्रेटरींनी दिली आहे. ती मुलगी काल दवाखान्याच्या जिन्यावर रडत बसली होती. तक्रार खरी धरली तर तिचे खेळणे कायमचे बंद होईल असे कळते.

हवालदारसाहेब मला म्हणाले, "काका, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?" मी म्हणालो, धोंडा आधीच पडला आहे, तिच्या पायावर. गुडघ्याचे लिगामेंट तुटले आहे. वर्षभर खेळायचे नाही, पुढचे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझा जीव तिळतिळ तुटतो. पण कोणी सोडला नाही, हे आमच्या घरात विचारावे लागत नाही.

सामन्यानंतर सवयीने मी त्या जागी ढलपा शोधायला गेलो. काहीच निघाले नव्हते. कणी नखभरही उरली नव्हती, नुसते धागे होते.

हा मजकूर मला वाचून दाखवला. भिंगरीच्या वाक्यात 'तिने' हा शब्द जास्तीचा पडला होता, तो मी खोडायला लावला. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. रविवारच्या कागदावर केली तीच सही खाली करत आहे.